मायक्रोखाचांमध्ये ई-७ (द्रव स्फटिकांचे मिश्रण) सरळ लागत नाही: खाचा खोल कराव्यात का?

प्रश्न:
पीडीएमएस (सिलिकोन रबर) साच्यावरून एनओए-६५ (यूव्हीने पिकणारा गोंद) मध्ये साइन आकाराच्या खाचा उठवल्या आहेत. पिच (दोन खाचांमधले अंतर) १० मायक्रॉन, खोली २ मायक्रॉन, वर कोटिंग नसलेली काच, काच आणि खाचांमधली फट १० मायक्रॉन. ई-७ खोलीच्या तापमानालाच भरले. सूक्ष्मदर्शकात क्रॉस पोलरायझरखाली (काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये) दोऱ्यांसारखे दोष दिसतात, स्टेज फिरवली तरी पूर्ण काळोख होत नाही. काही ठिपके मात्र प्रत्येक कोनात काळेच. खाचा आणखी खोल कराव्यात का?

उत्तर १:
आधी पिच बघा. बेरेमनच्या १९७२च्या सूत्रात खाचांची पकड (रेणूंना खाचांच्या दिशेत धरून ठेवणारी ऊर्जा) आयामाच्या, म्हणजे अर्ध्या खोलीच्या, वर्गाने वाढते, पण पिचच्या घनाने घटते. स्थितिस्थापकता स्थिरांक १० पिकोन्यूटन धरला तर तुमची पकड चौरस मीटरला जेमतेम ०.६ मायक्रोज्यूल येते. घासलेले पॉलिइमाइड (रेणूंना दिशा देणारा पॉलिमरचा थर) याच्या शेकडो पट धरून ठेवते. (सूत्र उथळ खाचांचे आहे, त्यामुळे हा अंदाजच.) पिच २ आणि खोली ०.४ केलीत तर पकड ५ पट होईल.
पिच बदलता येत नसेल तर वरच्या काचेवर पॉलिइमाइड लावून खाचांना समांतर घासा. एनओएवर ते लावू नका, भाजायचे तापमान त्याला झेपणार नाही.

उत्तर २:
भरण्याची पद्धतही चुकली आहे. नेमॅटिक अवस्थेत (रेणू एका दिशेत रांगेने असलेल्या) भरले की प्रवाहाची दिशा तशीच गोठते. हॉटप्लेटवर ७० अंशांना भरा, मग मिनिटाला अर्धा अंश या वेगाने ५० पर्यंत उतरवा. ई-७ साधारण ५८-६० ला नेमॅटिक होते, घाई तिथेच नडते.
काळे ठिपके म्हणजे रेणू काचेला काटकोनात उभे राहिलेत. कोनोस्कोपीत (सूक्ष्मदर्शकात एककेंद्री प्रकाशाने दिसणाऱ्या आकृतीत) काळी फुली दिसली आणि स्टेज फिरवूनही मोडली नाही, तर खात्रीच. साच्यावरचा फ्लुओरोसिलेन (न चिकटण्यासाठीचा लेप) किंवा पीडीएमएसमधला सुटा सिलिकोन एनओएवर आला असणार.
शिवाय पीडीएमएसमधून ऑक्सिजन झिरपतो, म्हणून एनओएचा वरचा थर अर्धवट पिकतो आणि त्यातला मोनोमर (न पिकलेला घटक) ई-७ मध्ये उतरतो. सेलमधला क्लिअरिंग पॉइंट (नेमॅटिक अवस्था संपते ते तापमान) मोजा. बाटलीतल्यापेक्षा २-३ अंश खाली आला तर हेच कारण. साचा काढल्यावर नायट्रोजनखाली पुन्हा यूव्ही द्या, मग ५० अंशांना १२ तास ठेवा.

प्रश्नकर्ता:
दुरुस्तीनंतर झटपट तपासणी कशी करावी?

उत्तर १:
एनओए-६५ चा अपवर्तनांक १.५२४, ई-७ चा साधारण किरणासाठी (रेणूंना काटकोनात ध्रुवित) १.५२, असाधारणसाठी (रेणूंना समांतर) सुमारे १.७४. लाल लेसर खाचांच्या काटकोनात ध्रुवित करून सोडा: अपवर्तनांक जुळल्याने विवर्तनाचे ठिपके जवळपास विझले पाहिजेत. ध्रुवण ९० अंश फिरवले की ठळक परततील. पहिल्या स्थितीत ठिपके उरले तर रेणू अजून वाकडे आहेत.