विनोदी जाहिराती: नुसती गंमत, की बायकांना कमी लेखणं?

चोपड्याची मास्तरीण:
रात्री जेवताना टीव्हीवर एक जाहिरात लागते. नवरा चहात साखरेऐवजी मीठ टाकतो, बायको कपाळाला हात लावते, घरभर हशा. माझा नववीतला मुलगा म्हणाला, "पोरांना जमतच नाही ना हे." मला फार लागलं ते. आपल्याकडे मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून अख्ख्या भरीत पार्टीचं भरीत ठेचतात ते पुरुषच ना? मग घरातला चहा बाईचाच का? तुम्हाला काय वाटतं?

भुसावळकर:
ताई, अर्ध्या मिनिटाची गंमत आहे ती. शिवाय बावळट तर नवराच दाखवलाय, अपमान झालाच तर आमचा!

धुळ्याची वकील:
भाऊ, तोही मुद्दा आहेच. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींत घातक लिंगभेदी साचे दाखवायला मनाई आहे. पहिल्यांदा अडकलेल्या दोन जाहिरातींपैकी एक चीजची, विनोदीच होती: खाण्याच्या नादात बाप तान्ह्या बाळांना सरकत्या पट्ट्यावर विसरतात. भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही २०२२ मध्ये अशी नियमावली काढली. तक्रार कुणालाही करता येते.

चोपड्याची मास्तरीण:
करतेच. भुसावळकर भाऊ, मला विनोद हवाच आहे. कॅडबरीच्या १९९४ च्या जाहिरातीत मैदानात नाचत शिरणारी मुलगी होती. २०२१ मध्ये तीच उलटवली, षटकार बाईचा आणि नाचणारा मुलगा. कुणालाही खाली न पाडता हसू येतं. मुलाला दोन्ही दाखवणार आहे. आणि सकाळचा चहा आता तोच करतो, साखर बरोबर असते.