बिअर आवडते ना? मग घरी का करत नाही? – खानदेशकरांचे अनुभव

धागाकर्ता, अमळनेर

दिवाळीत पुतण्या बंगळुरूहून आला तो एक खोकं घेऊन. "काका, खास तुमच्यासाठी." उघडून पाहतो तर खाली तोटी आणि झाकणाला भोक असलेला पांढरा ड्रम, एक वाकडी नळी, माल्टची म्हणजे मोड आणून सुकवलेल्या जवाची भरड, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स नावाच्या फुलांच्या हिरव्या गोळ्या आणि यीस्टची पुडी. घरी बिअर करायचा संच. त्याचा हिशेब सरळ होता. काकाला बिअर आवडते, काका कैरीचं लोणचं स्वतः घालतो, म्हणजे काका बिअरही घालेल.

आई बाजेवरून म्हणाली, "हाई काय शे रे?" सांगितलं. "पेवाले पानी नही, आन् तू दारू करशी?"

आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी, त्यामुळे विषय तिथंच मिटला. पण रात्री मी पुस्तिका वाचली. भरड ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर धरून ठेवायची, म्हणजे धान्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्स घालून पुन्हा तासभर उकळायचा. मग झटपट २० अंशांपर्यंत खाली आणायचा, यीस्ट टाकायचं, दोन आठवडे थांबायचं, बाटल्या भरायच्या, आणखी दोन आठवडे थांबायचं. धुणं आणि थंड करणं धरलं तर वीस लिटर बिअरला शंभरेक लिटर पाणी सहज जाणार. पुस्तिका मिटली आणि लक्षात आलं, की पाण्याचं कारण फक्त सोयीचं होतं. पाणी चोवीस तास असतं तरी मी हे केलं नसतं. मला बिअर प्यायला आवडते, तिचं बाळंतपण करायला नाही.

तुमचं काय? खरं कारण लिहा. 'वेळ नाही' चालणार नाही. वेळ नसलेली माणसं भरीत पार्टीला शेतात पाच-पाच तास बसलेली मी पाहिली आहेत.

रनिंग स्टाफ, भुसावळ

आमच्या गावाला हा प्रश्न विचारणं म्हणजे वाळवंटात बर्फाचा धंदा का करत नाही, असं विचारण्यासारखं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. क्वार्टरच्या भिंती रात्री अकराला हात लावला तरी गरम. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश लागतात, लागर प्रकाराला तर १० च्या आगेमागे. त्यात आंबताना रस स्वतःही तापतो, खोलीपेक्षा चार-पाच अंश वर जातो. उकाड्यात यीस्ट पिसाळतं आणि जड अल्कोहोल तयार करतं. चव थिनरसारखी लागते, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचं. एसी लावला तर पंधरा दिवस बंद करता येणार नाही. माझ्या आईच्या खोलीत एसी नाही आणि मी ड्रमला एसी लावू?

दुसरं म्हणजे आम्हा रेल्वे गाड्यांवरच्या स्टाफला ड्यूटीवर साइन ऑन करताना मशीनमध्ये फुंकावं लागतं. बिअर फक्त रेस्टच्या दिवशी, आणि तीही पुढच्या कॉलचं गणित करून. घरात वीस लिटर भरून ठेवली तर गणित बिघडायला वेळ लागत नाही. एक बाटली आणायची, एक संपवायची. दुसरी हवी असेल तर चप्पल घालून बाहेर पडावं लागतं, आणि तेवढ्यात अक्कल येते.

वकील, धुळे

सगळे पाणी-हवामान करत बसलेत म्हणून लिहितो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. परवान्याशिवाय मादक पेय तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यात बिअर येते. 'घरच्यापुरती' अशी सवलत त्यात नाही. पिण्याचाही परवाना लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे ते सोडा. बिअरला वय २१, कडक दारूला २५. माझं कारण एवढंच. संपलं.

मूळ पारोळा, आता नाशिक

भुसावळकर, गरमीचं कारण आता जुनं झालं! नॉर्वेतल्या शेतघरांमधून आलेलं क्वाईक नावाचं यीस्ट आहे. ते ३५ अंशांनाही मजेत काम करतं, दोन-तीन दिवसांत उरकतं आणि वर संत्र्यासारखा वास देतं. खानदेशासाठीच जन्माला आलंय म्हणा.

रनिंग स्टाफ, भुसावळ

भाऊ, यीस्टला उकाडा चालेल. उकळत्या पातेल्याजवळ मे महिन्यात तास-दोन तास उभं कोण राहणार, नॉर्वेचा माणूस?

(आणि वकीलसाहेबांचं वाचलं का?)

केळीवाला, रावेर

माझं कारण जरा वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे केळी पिकवायचे चेंबर आहेत. आत १६ ते १८ अंश, दमट हवा, इथिलीन सोडलं की चार-पाच दिवसांत हिरवा माल पिवळा. पुण्याला एका मित्राने मला पहिल्यांदा जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर पाजली. पहिला घोट घेतला आणि मी ग्लास खाली ठेवला. केळं! अगदी पिकलेलं, देठाजवळ जरा काळं पडायला लागलेलं केळं. मला वाटलं कुणीतरी गंमत केली. मित्र म्हणाला, यात केळं नाही, ते यीस्टच तसा वास तयार करतं. आयसोअमाइल ॲसिटेट म्हणतात, तोच पदार्थ पिकल्या केळ्याच्या वासात असतो. जन्म केळीच्या बागेत गेला आणि स्वतःच्या मालाचा वास दुसऱ्याच्या ग्लासात भेटला. मला फार बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

घरी येताना डोक्यात चक्र सुरू. चेंबर माझा, तापमान तेवढंच, कोपऱ्यात एक ड्रम ठेवला तर कुणाला कळणार? महिनाभर रोज चेंबर उघडताना त्या कोपऱ्याकडे बघायचो.

ठेवला नाही. एक तर ड्रम आंबताना कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि पिकवताना तो वायू साचला तर केळी नीट पिकत नाहीत. आम्ही चेंबर मधूनमधून उघडतो ते त्यासाठीच. म्हणजे माझ्या हौसेपायी दुसऱ्या शेतकऱ्याच्या मालाला धोका. दुसरं, चेंबरवर हमाल, व्यापारी, ड्रायव्हर सगळे येतात. आमच्या गावात ड्रमची बातमी केळीच्या भावाआधी पोचते. तिसरं खरं कारण मात्र हे, की मी दिवसभर दुसरं काय करतो? माल आत ठेवा, तापमान बघा, वास घ्या, रंग बघा, वेळेत बाहेर काढा. बिअर पिताना मला पिकवण्याच्या धंद्यातून सुट्टी हवी असते.

अजूनही पुण्याला गेलो की तीच मागवतो. वास घेतो आणि मनात भाव काढतो.

नाव नको, चोपडा

मी बाई आहे आणि मला बिअर आवडते. ही दोन वाक्यं एकत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. सासरी हे फक्त नवऱ्याला माहीत. वर्षातून चार-पाच वेळा, गावाबाहेर, लग्नाच्या प्रवासात वगैरे.

आंबवण्याचं मला कुणी शिकवू नये. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते, चीक काढते. बिबड्यांची ज्वारी भिजवते. घराला येणारा तो आंबूस वास, अंगणात खाटांवर पसरलेली धोतरं, त्यावर बिबडे, आणि कावळे हाकायला बसवलेली पोरं, हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये होतं. जवाला मोड आणून तो सुकवला की माल्ट होतो हे वाचलं तेव्हा हसूच आलं. हे तर आपलंच काम. म्हणजे मला जमलं असतं, बहुतेक इथल्या सगळ्यांपेक्षा बरं.

पण ड्रमच्या झाकणावरची ती नळी पंधरा दिवस बुडबुड वाजत राहणार. सासूबाई विचारणार, मी काय सांगू, जावेचं पोट दुखतंय? लपवता येईल अशी ही गोष्टच नाही. आणि समजा कुणी हरकत घेतली नाही, तरी पातेली कोण घासणार हे मला आत्ताच दिसतंय. घरात जे जे 'आपण करू या' म्हणून सुरू होतं ते शेवटी माझ्या मोरीत येतं. माझ्या आयुष्यात बिअर ही एकच गोष्ट अशी आहे, जी मी केलेली नाही आणि तरी मला मिळते. ती तशीच राहू द्या.

धागाकर्ता, अमळनेर

ताई, 'वेळ नाही' हे कारण धरणार नाही असं मी लिहिलं होतं. मागे घेतो.

दादरवाला, शिरपूर

मला तर उलटी हौस होती. जव इकडे कुठं मिळतो, आपली दादर ज्वारी वापरू! आफ्रिकेत ज्वारीची बिअर पूर्वापार आहेच. मग खोलात गेलो आणि अडलो. ज्वारीचं पिष्ट फुलून मोकळं व्हायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, ७० च्या पुढे. आणि त्या उष्णतेला साखर करणारं एन्झाइम टिकत नाही, ते ज्वारीत मुळातच कमी असतं. म्हणजे आधी ज्वारी वेगळी शिजवा, मग निववा, मग बाहेरून एन्झाइम घाला. त्यापेक्षा दादरची भाकरी, शेवभाजी आणि बाजूला दुकानातली गार बाटली. दादर ताटात, जव ग्लासात.

शिक्षक, धडगाव

सातपुड्यात नोकरीची अकरा वर्षं झाली. इथं मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचतात, वाळवून ठेवतात, आणि ज्यांना येतं ते त्यांची दारू गाळतात. एका म्हाताऱ्या पावरा आजोबांना मी बिअर कशी करतात ते सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं करून ती चढते किती?" म्हटलं, साधारण पाच टक्के. ते बराच वेळ हसत होते. त्यानंतर मला संच मागवायचा धीर झाला नाही.

औषध दुकान, नंदुरबार

माझ्या वर्गमित्राने पुण्यात फ्लॅटमध्ये प्रयोग केला होता. बाटली भरताना फेसासाठी थोडी साखर घालतात, लिटरला सहा-सात ग्रॅम. याने अंदाजपंचे घातली, आणि रस पुरता आंबलाही नव्हता. रात्री दोन वाजता कपाटात पहिली बाटली फुटली. मग दर अर्ध्या तासाने एक. कपाट उघडायची कुणाची हिंमत होईना, बायको मुलाला घेऊन हॉलमध्ये बसली. सकाळी तो हेल्मेट घालून आत गेला. मी तो किस्सा ऐकला, माझी हौस फिटली.

मूळ एरंडोल, आता पोर्टलंड, अमेरिका

माझ्याकडे तुमच्यापैकी एकही कारण नाही. इथं घरी बिअर करणं १९७८ च्या कायद्याने मोकळं झालं. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरवर. हवा गार, नळाला पाणी कायम, आणि विलामेट खोऱ्यातले हॉप्सचे मळे गाडीने तासाभरावर. ऑफिसात निम्मे लोक करतात.

मी करत नाही, कारण वीस लिटर म्हणजे एकाच चवीच्या तीस मोठ्या बाटल्या. इथं कोपऱ्यावरच्या दुकानात रोज नवी चव मिळते. शिवाय एका सहकाऱ्याने स्वतःची बिअर पाजली की पुढचा पाऊण तास ती कशी केली ते ऐकावं लागतं, आणि ग्लास रिकामा दिसला तर आणखी ओततो. मी त्याच्यासारखा होईन, अशी मला भीती वाटते. आमच्या घरात आधीच माझ्या भरिताचं कौतुक सगळ्यांना ऐकावं लागतं.

भरीत मंडळ, जळगाव

पोर्टलंडकर, वांगी कुठली मिळतात तिकडे? बामणोदची आठवण येत असेल.

आमचं कारण साधं. डिसेंबरात शेतात कापसाच्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, बडगीत ठेचलेल्या मिरच्या, कळण्याच्या पुऱ्या. बिअर आणायला एकाला बाइकवर पाठवतात. तो उशीर करतो, सगळे त्याला शिव्या घालतात, आणि तो आला की टाळ्या. ती घरी केली तर शिव्या कुणाला घालायच्या?

रनिंग स्टाफ, भुसावळ

धागाकर्ते, तो तोटीचा ड्रम पडून असेल तर मला द्या. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो.

धागाकर्ता, अमळनेर

उशीर केलात. आईने कालच भरून ठेवला, वर फडकं बांधून. पुतण्याला फोनवर सांगत होती, "ड्रम बेस शे. तोटी गयत नही."