मुलूखमैदान तोफ: नगरची की विजापूरची?

गडफिरस्ता
परवा विजापूरला शेरझा बुरुजावर एक गृहस्थ घरच्यांना छातीठोकपणे सांगत होते, "ही औरंगजेबाने ओतली, नाव आहे बघा." मला राहवलं नाही. औरंगजेबाचा लेख आहे खरा, पण तो १६८६ मध्ये विजापूर पडल्यानंतरचा. त्याच तोफेवर हिजरी ९५६ चा, म्हणजे इ.स. १५४९ चा लेख आहे. त्यात निजामशहाचं नाव आहे आणि ओतणाऱ्याचंही: महंमद बिन हसन रूमी. तोफ अहमदनगरला ओतली. जिंकणारा नंतर कोरतो, करणारा आधी. मूळ शोधायचं तर सगळ्यात जुना लेख धरा. तिला विजापूरची म्हणणं चूक आहे.

विजापूरकर
पटलं नाही. नगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली, तिथून १६३२ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने इकडे आणली. तेव्हापासून ती इथलीच. जवळजवळ चारशे वर्षं नांदलेली तोफ माहेरच्या नावाने का ओळखायची?

धातुवेडा
तुम्ही दोघं गावांवरून भांडताय, कारागीर कुणीच बघत नाही. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. चौदा फुटांहून लांब, ५५ टनांचं धूड ओतायची विद्या त्याच्यासोबत आली. माझ्या लेखी ती तुर्की.
आणि 'पंचधातूची' म्हणू नका. ती तांबं आणि कथील यांची आहे. तोफेच्या ब्राँझमध्ये कथील साधारण दहा टक्के असतं, हिच्यात वीसच्या आसपास. हे घंटेचं मिश्रण. म्हणून टिचकी मारली की ती घणघणते.

गडफिरस्ता
धातूचं मान्य. पण धातूवरून गाव कळत नाही, आणि कारागिराच्या मुलखावरूनही नाही. तो नगरला येऊन निजामशहाच्या चाकरीत होता, पैसा निजामशाहीचा, भट्टी नगरची. तिच्या तोंडाशी वाकून बघा: जबडा वासलेला सिंह, सुळ्यांमध्ये चिरडला जाणारा हत्ती. दख्खनच्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर हत्तींना पंजात धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी दिसतो, त्याच घराण्यातलं हे शिल्प वाटतं मला.

विजापूरकर
शिल्पाचा मुद्दा बरोबर आहे. माहिती देताना 'ओतली नगरला, १५४९; आणली परांड्याहून, १६३२' असं लिहा, माझी हरकत नाही. औरंगजेबाचं नाव मात्र त्याखाली, तिसरं.