‘ग्यारू’ : अर्थ, लेखन आणि छटा

प्रश्न : जपानमधील ‘एग’ या तरुणींच्या फॅशन मासिकाविषयीच्या एका मराठी मजकुरात ‘ग्यारू’साठी ‘नटव्या मुली’ असा पर्याय योजलेला दिसला. तो योग्य आहे का? आणि हा शब्द देवनागरीत कसा लिहावा?

प्रतिसाद १ : शब्द इंग्रजीतल्या ‘गॅल’वरून आला आहे. जपानी उच्चारपद्धतीत शब्दाच्या शेवटी सुटे ‘ल’ येऊ शकत नसल्याने त्याचे ‘ग्यारु’ झाले. तेथे अंत्य उकार ऱ्हस्व असला तरी आपल्या लेखननियमाप्रमाणे तो दीर्घ लिहावा लागेल, म्हणून ‘ग्यारू’ हेच रूप ठेवावे.

अर्थाचे मात्र इतके सरळ नाही. इंग्रजीत ‘गॅल’ म्हणजे सलगीने म्हटलेली कोणतीही मुलगी. जपानीत १९९०च्या दशकात हा शब्द प्रामुख्याने टोकियोतील शिबुया भागात, विशेषतः ‘१०९’ या इमारतीतल्या दुकानांभोवती वावरणाऱ्या, केस फिकट रंगवलेल्या, त्वचा मुद्दाम सावळी करून घेतलेल्या आणि उंच तळव्यांचे बूट घालणाऱ्या मुलींच्या गटाला चिकटला. १९९५ साली सुरू झालेल्या ‘एग’ने याच मुलींना पानांवर आणले. कॅमेऱ्याच्या दिशेने हात पुढे फेकून उभे राहण्याच्या ढबीला तर ‘एग पोझ’ असेच नाव पडले.

‘नटवी’ हा शब्द दुसऱ्याने नावे ठेवताना वापरायचा. कोणतीही मुलगी स्वतःची ओळख ‘मी नटवी’ अशी करून देणार नाही. ‘ग्यारू’ हेटाळणीनेही म्हटले जाई, पण या मुली तो शब्द स्वतःविषयीही मिरवत, आणि नेमकी हीच छटा ‘नटवी’त हरवते. ‘फॅशनेबल मुलगी’ तर अगदीच पिठूळ. मूळ शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खुलाशाचे द्यावे, हे उत्तम.

प्रतिसाद २ : वरील मताला दुजोरा देणारे उदाहरण ‘यामानबा’ या शब्दाचे आहे. जपानी लोककथांतली ही डोंगरात राहणारी, केस पिंजारलेली म्हातारी. आपल्याकडची हडळ जवळची वाटते, पण तंतोतंत नव्हे. गडद त्वचेवर डोळ्यांभोवती पांढरा रंग लावणाऱ्या ग्यारूंना हे नाव मिळाले आणि पुढे त्याचेच आटोपशीर ‘मानबा’ झाले. येथे ‘हडळ’ असे भाषांतर केल्यास वाचकाला रंगभूषेची शैली न दिसता भुताची गोष्ट दिसेल.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. त्याच मजकुरात ‘दोकुमो’ हा शब्द आहे, त्याचे काय करावे?

प्रतिसाद १ : ‘दोकुशा मोदेरु’चा तो संक्षेप, ‘दोकुशा’ म्हणजे वाचक. व्यावसायिक मॉडेल नसलेली, मासिकाच्या वाचकवर्गातूनच निवडलेली मुलगी, असा त्याचा अर्थ. ‘वाचक-मॉडेल’ चालेल. व्याकरणाने ‘वाचिका’ अधिक नेमके असले तरी तो शब्द आज कोणी बोलत नाही. मात्र ‘हौशी मॉडेल’ करू नये, कारण ती मुलगी हौशी असण्यापेक्षा त्याच अंकाची गिऱ्हाईक आहे, हा या शब्दातला मुख्य भाग त्यात गळतो.