शब्दचर्चा: मॅनहॅटन - बेटाचं नाव बॉम्बला कसं काय?

मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्कमधलं ते बेट, एवढं आपल्या सगळ्यांनाच माहितीये. पण अणुबॉम्बच्या प्रोजेक्टचं नाव मॅनहॅटन, एका कॉकटेलचं नाव मॅनहॅटन, बँक होती चेस मॅनहॅटन, आणि आता मुलीच्या मशीन लर्निंगच्या क्लासमधे 'मॅनहॅटन डिस्टन्स' निघालं. बॉम्बची चाचणी तर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाली ना, मग न्यूयॉर्कच्या बेटाचं नाव का? आणि मुळात हा शब्द इंग्रजी आहे का डच? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १

ताई, इंग्रजी पण नाही आणि डच पण नाही. तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांचा शब्द आहे, त्यांच्या मुन्सी भाषेतला. १६०९ मधे हेन्री हडसन ह्या दर्यावर्दीच्या जहाजावरच्या रॉबर्ट ज्यूएटने रोजनिशीत 'मॅन्ना-हाटा' असं लिहून ठेवलं, तिथून तो कागदावर आला.

बॉम्बचं उत्तर अगदी सरकारी आहे. १९४२ मधे हे काम अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर कोअरकडे दिलं. आधी 'पर्यायी पदार्थांची प्रयोगशाळा' अशा छापाचं एक लांबलचक नाव सुचलं होतं, पण त्याने उलट लोकांचं कुतूहल चाळवेल असं प्रोजेक्टचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्जना वाटलं. कोअरची पद्धत अशी की ऑफिस ज्या शहरात त्याचं नाव त्या डिस्ट्रिक्टला द्यायचं, आणि पहिलं ऑफिस होतं मॅनहॅटनमधे, २७० ब्रॉडवेला. म्हणून 'मॅनहॅटन इंजिनिअर डिस्ट्रिक्ट'. पुढच्याच वर्षी मुख्यालय टेनेसीत ओक रिजला हललं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मला हे फार अंगावर येतं, की हिरोशिमा-नागासाकीला लाखावर माणसं ज्याने गेली त्या कामाचं नाव एका ऑफिसच्या पत्त्यावरून पडलंय, आणि त्या पत्त्याचं नाव ज्यांचं होतं ते लोक तिथून कधीच हाकलले गेले होते.

बँकेची गोष्ट तर अजून भारी आहे. १७९८ मधे न्यूयॉर्कात पिवळ्या तापाची मोठी साथ आली, शहराला चांगलं पाणी हवं म्हणून १७९९ मधे आरन बर ह्या राजकारण्याने 'मॅनहॅटन कंपनी' काढली, आणि तिच्या सनदेत हळूच एक कलम घातलं की उरलेलं भांडवल कंपनी दुसऱ्या कायदेशीर व्यवहारात वापरू शकते. झालं, त्याच वर्षी बँक सुरू! तोवर शहरातल्या बँकांवर त्याचा विरोधक हॅमिल्टन आणि त्याच्या फेडरलिस्ट पक्षाचा जोर होता, बरला तो मोडायचा होता. लाकडी ओंडके पोखरून केलेल्या नळांतून पाणी दिलं खरं पण अगदी अपुरं, बँक मात्र जोरात चालली. १९५५ मधे ती चेस नॅशनलमधे मिळाली म्हणून चेस मॅनहॅटन, आणि आताची जेपीमॉर्गन चेस तिचीच पुढची पिढी. म्हणजे पाण्याच्या नावावर बँक काढली आणि लोक साथीत मरत राहिले, १८३२ च्या कॉलऱ्यात तर हजारोंनी. क्रोटन नदीचं पाणी यायला १८४२ उजाडलं. ह्या नावाच्या इतिहासातलं मला सगळ्यात संतापजनक वाटणारं पान हेच.

प्रतिसाद २

छान माहिती. पण मी सगळीकडे 'मॅनहॅटन म्हणजे अनेक टेकड्यांचं बेट' असंच वाचलंय, ते बरोबर ना?

प्रतिसाद १ चं उत्तर

तो अर्थ लोकप्रिय आहे खरा, पण भाषातज्ज्ञांना पटत नाही. अजून एक अर्थ फिरायचा, 'जिथे आम्ही झिंगलो ती जागा', तो हेकेवेल्डर नावाच्या मिशनऱ्यामुळे पसरला. गोऱ्यांनी दारू पाजली त्याची आठवण म्हणून हे नाव पडलं अशी ती कथा. मला ती अगदी खोटी वाटते कारण हडसन यायच्या आधीपासून जे नाव होतं त्याला त्याच्या दारूचा काय संबंध? आयव्ह्ज गोडार्ड ह्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातल्या एका मुन्सीभाषकाने सांगितलेला अर्थ उचलून धरलाय: धनुष्यासाठी लाकूड मिळतं ती जागा. बेटाच्या खालच्या टोकाला हिकरीच्या झाडांची राई होती आणि धनुष्याला ते लाकूड उत्तम, असं त्याने सांगितलेलं. स्वतः भाषा बोलणाऱ्या माणसाने सांगितलेला अर्थ आहे, त्यामुळे मी तरी हाच धरतो. आज लेनापे आहेत ते ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडात ऑन्टॅरिओला.

आणि '२४ डॉलरला बेट विकलं' हे पण जपून वापरावं. १६२६ च्या एका डच पत्रात ६० गिल्डरच्या (गिल्डर म्हणजे डच नाणं) मालाच्या बदल्यात बेट घेतलं एवढंच आहे, खरेदीखत मिळालेलं नाही. २४ डॉलर हा एकोणिसाव्या शतकातला हिशोब. बरेच इतिहासकार म्हणतात की लेनापेंच्या समजुतीत जमीन कायमची विकणं असं काही नव्हतंच, वापरू देणं होतं.

प्रतिसाद ३

कॅन्ससमधलं मॅनहॅटन राहिलं की! मी तिथे कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलोय म्हणून सांगतो. १८५५ मधे न्यू इंग्लंडमधून आलेल्या लोकांनी तिथे वस्ती करून तिला बोस्टन नाव दिलेलं, तेवढ्यात सिनसिनाटीहून निघालेली 'हार्टफर्ड' बोट कॅन्सस नदीत गाळात रुतली. बोटीवरच्यांना जायचं होतं अजून पुढे, पण ह्यांनी निम्मी वस्ती देऊ केली, आणि त्यांच्या कंपनीच्या नियमातच होतं की गाव वसवायचं तर नाव मॅनहॅटन. म्हणून बोस्टन गेलं आणि मॅनहॅटन आलं. न्यूयॉर्क बिग ॲपल तर आमचं गाव 'लिटल ॲपल'.

मॅनहॅटन डिस्टन्सचं सोपंय. १८११ च्या आराखड्याने बेटावर सरळ काटकोनातले रस्ते आखले, त्यामुळे टॅक्सीला तिरकं जाता येत नाही, आडवे ब्लॉक अधिक उभे ब्लॉक एवढं अंतर पडतंच. ३ ब्लॉक आडवे आणि ४ उभे तर पक्षाला ५, टॅक्सीला ७.

प्रतिसाद ४

कॉकटेलबद्दल: व्हिस्की, गोड व्हर्मूथ (मसालेदार वाइन) आणि बिटर्स (कडू अर्काचे थेंब). चर्चिलच्या आईने १८७४ मधे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबात पार्टी दिली तेव्हा ते पहिल्यांदा बनलं असं ठोकून देतात. पण चर्चिलचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४, इंग्लंडमधे, आणि ती पार्टी त्याच महिन्यातली म्हणतात! चाउडरमधे (शिंपल्यांचं दाट सूप) दुधाऐवजी टोमॅटो घातला की ते मॅनहॅटन चाउडर, आणि न्यू इंग्लंडवाल्यांना हे नाव शिवीसारखं वाटतं.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, मुलीला वाचून दाखवलं. एकच राहिलं, बोलताना मॅनहॅटन आणि न्यूयॉर्क एकच धरलं तर चालतं का?

प्रतिसाद १ चं उत्तर

बोलण्यात चालून जातं, टपालाच्या पत्त्यात तर मॅनहॅटनला 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क' असंच लिहितात, आणि ब्रुकलिन-क्वीन्सचे लोक तिकडे निघाले की 'सिटीत जातोय' म्हणतात. पण १८९८ पासून मॅनहॅटन हा न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी (म्हणजे विभागांपैकी) फक्त एक. आणि बरो म्हणजे बेट असं पण नाही बरं का. मार्बल हिल नावाचा भाग आहे, १८९५ मधे जहाजांसाठी कालवा खणला तेव्हा तो बेटापासून तुटला, मग मधली जुनी खाडी बुजवली आणि तो ब्रॉन्क्सच्या जमिनीला जाऊन चिकटला. तिथले लोक राहतात मुख्य भूमीवर, पण बरो प्रेसिडेंटसाठी मत देतात ते मॅनहॅटनच्याच.