मदत हवी आहे: घाट उतरून ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर. टर्बो बदलू की इंजिन उघडू?

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची, १.३ लिटर टर्बो डिझेल, बीएस-४. १ लाख ४० हजार किमीच्या आसपास रनिंग. मी केजचा, बीडला जाणं-येणं कायमचं.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवर पाय नसतो, तेव्हा काही नाही. खाली सपाटीला येऊन गाडी ओढली की मागं निळसर ढग. इतका की मागचा मोटारसायकलवाला रुमाल तोंडाला लावतो. दोन-तीन सेकंद, मग साफ. कुठं गर्दीत गाडी बराच वेळ आयडलवर राहिली आणि मग निघालो तरी हेच.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला धूर नाही. घाट चढताना, गाडीत पाच जण आणि डिकीत ज्वारीचं पोतं असलं तरी नाही. पिकअप पहिल्यासारखाच आहे, शिट्टीचा आवाज नाही, चेक इंजिनचा दिवा नाही, कूलंटची पातळी जागची हललेली नाही. ऑइल मात्र खायलीय. आधी सर्व्हिस ते सर्व्हिस टॉप-अप लागत नव्हता, आता मध्येच डबा आणावा लागतो.

एका मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच "टर्बो गेला" म्हणून ३२,००० सांगितले. दुसरा म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा. दोघंही ओळखीचे, दोघंही छातीठोक. सोयाबीनचे पैसे अजून हातात यायचेत, त्यामुळं काही उघडायच्या आधी घरच्या घरी काय तपासता येईल ते सांगा. व्हिडिओ पुष्कळ बघितले, पण बहुतेक पेट्रोल गाड्यांचे.

लातूरहून प्रतिसाद

दादा, अर्धं निदान तुम्हीच लिहून ठेवलंय. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, लोड आल्यावर धूर वाढला असता. व्हॉल्व्ह सील गेले असते तर रात्रभर उभ्या गाडीत ऑइल झिरपून सकाळच्या स्टार्टला धूर दिसला असता. तुमच्याकडं दोन्ही नाही. पाय काढलेला असताना ऑइल साचतं आणि पाय दिला की जळतं, म्हणजे मामला टर्बोच्या बाजूचा आहे.

पण "टर्बोच्या बाजूचा" आणि "टर्बो गेला" यात ३२,००० चा फरक आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूनं फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तिथं रबरी सील टिकत नाही. दोन्ही टोकांना धातूच्या बारीक रिंगा असतात, आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः बाहेरच्या हवेच्या आणि वायूच्या दाबामुळं. आयडलला किंवा उतारावर तो दाब पडतो. अशा वेळी ऑइल खाली उतरायला वाट नसली तर ते सीलमधून बाहेर येणारच. टर्बोला ऑइल प्रेशरनं येतं, पण परत चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) जातं ते नुसतं उतारानं. न्हाणीची मोरी तुंबल्यावर पाणी उंबऱ्यावरून बाहेर येतं, त्यात न्हाणीचा काय दोष?

म्हणून आधी तीन गोष्टी बघा. टर्बोखालचा रिटर्न पाइप दबलेला किंवा गाळानं, गॅस्केटच्या सिलिकॉननं अडलेला आहे का. इंजिनचा ब्रीदर (आतला वायू बाहेर काढून हवेच्या पाइपात सोडणारी वाट) साफ आहे का. आणि एअर फिल्टर, कारण तो चोंदला की कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा ओढणाऱ्या चक्राच्या) तोंडाशी ओढ वाढते आणि ऑइल तिकडं खेचलं जातं. आपल्याकडं मळणीच्या दिवसात मातीच्या रस्त्यानं फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या तक्त्याप्रमाणं बदलून भागत नाही.

डिपस्टिकही सपाट जागी बघा. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तरी असा धूर येतो.

नांदेडहून प्रतिसाद

मधेच घुसतो. माझी गाडी डिझेलच, पण धूर काळा आणि पिकअप गायब. हेच तपासायचं का?

लातूरहून

नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज आणि क्लॅम्प बघा. होज फाटला असेल तर रेस दिल्यावर फुसकारा ऐकू येतो. मग ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. गाडी बीएस-६ असेल तर गोष्ट आणखी वेगळी: तिच्यात डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) असतो, काळा धूर डोळ्याला दिसायलाच नको. पुढचं नवीन धाग्यात विचारा, इथं गोंधळ होईल.

परभणीहून प्रतिसाद

भाऊ, मी गॅरेजवाला आहे. वरचं बरोबर आहे, फक्त तपासायचा क्रम सांगतो.

इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण काढून तसंच उलटं भोकावर ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडायलं तर ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेनं खाली निसटणारा वायू, जास्त आहे, मग रिंगांचा विषय काढू आणि कम्प्रेशन मोजू.

मग गाडी बंद, पूर्ण गार. एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा पाइप काढा आणि आत बोट फिरवा. कॉम्प्रेसरच्या चक्राच्या *आधीच* ऑइल लागलं तर ते बहुधा ब्रीदरमधून आलेलं असतं, टर्बोतून नाही. हे कुणी बघतच नाही बगा, थेट टर्बो उतरवायलेत. तिथं कोरडं आणि चक्राच्या पुढं ओलं असलं तर संशय टर्बोवर. नुसता तेलकट हात लागला तर घाबरू नका, थोडी ओल असतीच.

तसंच चक्राचं टोक चिमटीत धरून हलवा. आडवं किंचित हललं तर ठीक. आत-बाहेर सरकलं, किंवा पात्यांनी भोवतीच्या धातूच्या घरावर ओरखडे पाडले असले, तर टर्बो खरंच गेलाय.

अन् एक ध्यानात ठेवा. ऑइल जास्त प्रमाणात इनटेकमध्ये गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळतं, चावी काढली तरी बंद होत नाही. तसं झालं तर बॉनेटमध्ये वाकू नका. ब्रेक गच्च दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन कोंडा.

धागाकर्ता

परभणीकर, लातूरकर, दोघांचे आभार. झाकण जागेवर बसून थरथरलं, उडालं नाही. चक्र आत-बाहेर अजिबात सरकत नाही, आडवं जाणवेल न जाणवेल इतकंच. फिल्टरकडच्या पाइपात, चक्राच्या आधी, ब्रीदरची नळी जिथं जोडली आहे तिथून खाली ऑइलचा ओघळ होता. नळी काढली तर आत काळा लोण्यासारखा गाळ, फुंकर आरपार जाईना. फिल्टर झटकल्यावर खाली मातीचा थर पडला.

नळी आणि ब्रीदरचं घर साफ केलं, फिल्टर नवा टाकला. रिटर्न पाइप मिस्त्रीकडून समोर उभं राहून काढून घेतला, तो मोकळा निघाला. आता धूर बराच कमी आहे, पण घाट उतरल्यावर अजून थोडा येतोच. टर्बोचं काही राहिलंय का?

परभणीहून

इंटरकूलर काढला का? एवढे दिवस गेलेलं ऑइल तिथं बसलेलं असतं, ते हळूहळू जळत राहतं. काढून उलटा धरा, निथळू द्या, डिझेल-रॉकेलनं धुऊन घ्या. धुतलेला पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका, आत राहिलेलं डिझेल-रॉकेल इंजिन ओढून घेतंय आणि मघाशी सांगितलेलाच प्रकार होतो. होजचे क्लॅम्प नवे टाका. त्यानंतर ऑइल खुणेपर्यंत भरून १,००० किमी चालवा आणि डिपस्टिक किती उतरली ते इथं लिहा. तोवर त्या ३२,००० वाल्याला फोन करू नका.