मदत हवी आहे: मंगळागौरीच्या खेळांतून जमलेले पैसे, देणग्या आणि पावत्या

नमस्कार. आम्ही वाईतल्या २२ जणी. मंगळागौरीचे जुने खेळ विसरले जाऊ नयेत म्हणून एकत्र आलो. नोंदणी नाही, मंडळाचं खातं नाही. आहे ती एक दोनशे पानी वही, तिच्यात आमच्या थोरल्या काकूंनी सांगितलेली गाणी उतरवून घेतली आहेत. काकू ७४ वर्षांच्या. लाट्या, आगोटा-पागोटा, सूप नाचवणं, सगळं त्यांनीच शिकवलं.

जानेवारीत काकू न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला. फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर उचलता येणारी रुग्णखाट) मिळवण्यात त्यांच्या सुनेचे तीन दिवस गेले. तेव्हाच ठरवलं, या श्रावणातली सगळी बिदागी रुग्णसाहित्याला: बेड, वॉकर, कमोड खुर्च्या, अनामत घेऊन गरजूंना वापरायला द्यायच्या. नऊ कार्यक्रम झाले, ४१,००० रुपये जमले. काकू खुर्चीत बसून टाळ्यांनी ताल धरत होत्या.

हेतू कळल्यावर लोक आपणहून देणग्याही देऊ लागले, आणि त्या आमच्या खजिनदार ताईंच्या स्वतःच्या खात्यात, फोनवरून. आता एक जण ८०-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती मागतायत. ताईंना झोप नाही.

माझी आजी हिंगण्याच्या कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा करायची. रुपया मिळो की शंभर, पावती फाडल्याशिवाय उंबरठा उतरायची नाही. म्हणून हे मला फार बोचतंय. नोंदणी करावी का? तोवर या पैशांचं काय?

प्रतिसाद

ताई, आधी देणग्या घेणं थांबवा. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी घेतात, तेच कलम.

बिदागी आणि देणगी एकाच रकान्यात लिहू नका. बिदागी ही तुमची कमाई, तिला देणगीची पावती लागत नाही. ८०-जीची पावती मात्र ती मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, तुम्हाला आज देता येणार नाही. आलेल्या देणग्या ज्याच्या त्याला परत करा आणि रुग्णसाहित्य चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला थेट द्यायला सांगा. दोन हजारांवर रोख दिली तर करसवलत नाही, वस्तू दिली तरी नाही. सवलतही जुन्या करप्रणालीतच मिळते.

नोंदणी सावकाश करा. दरवर्षी हिशेब तपासून घेणं, बदल कळवणं हे मागे लागतं. ते सांभाळणारी कुणी असेल तरच.

धागाकर्ती

मनापासून आभार. देणगीदार १४ आहेत, सगळे ओळखीचे. उद्या ताई आणि मी यादी घेऊन बसतो, घरोघरी जाऊन सांगतो. बिदागीतून पहिला बेड घ्यायचा, तो कुठल्या संस्थेकडे ठेवायचा हे काकूंना विचारून ठरवू.